रॉटरडॅमच्या जिन्यात अडवलेलं दार

तर तेच म्हणतेय मी, ॲनिव्हर्सरीला रॉटरडॅमला कोण जातं? पॅरिसच्या फोटोंना सगळ्यांनी हार्ट दिले. मग मधेच क्रेन आणि कंटेनरवाला फोटो आला, तर तिघीचौघींचा मेसेज की अगं, हे तर आपल्या उरणसारखं दिसतंय. दिसतंयच. मला तर हा प्रश्न निघायच्या महिनाभर आधीपासून पडला होता, आणि निनाद, म्हणजे माझा नवरा, धड उत्तर देत नव्हता.

निनाद उरणला कंटेनर यार्डात काम करतो. दिवसभर कंटेनर बघणारा माणूस सुट्टीत कंटेनरपासून लांब पळेल ना? मी प्लॅन केला होता पॅरिस, स्वित्झर्लंड आणि व्हेनिस. लग्नाला तीन वर्षं झाली, हनिमून अलिबागला उरकलेला, त्यामुळे ही ट्रिप मोठी करायची हे नक्की होतं. एक दिवस बघते तर व्हेनिस गायब आणि तिथे रॉटरडॅम. का, तर म्हणे तिकडून ट्रेन सोयीच्या पडतात. मग सोबत कलोन टाकलं, कारण वाटेत आहे.

व्हिसाचं आधी सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे शेंगेनचा अर्ज करायचा. आमच्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये जास्त होत्या, म्हणून तिथला. हॉटेलं कॅन्सल करता येतील अशीच बुक करा. एजंटवर मी विश्वास ठेवला नाही, सगळं स्वतः केलं. तसा माझा विश्वास कमीच आहे लोकांवर, हे पुढे कळेलच.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मी निनादची बॅग उघडली. शर्टांच्या खाली तीन पिशव्यांत गुंडाळलेले सोडे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, आमच्याकडे सोन्यासारखी जपतात. आणि त्याच्या खाली लहान मुलीचा फ्रॉक. गुलाबी, आरसे लावलेला. मी विचारलं, हे कोणासाठी? तर म्हणे ऑफिसातल्या एकाने तिकडच्या ओळखीच्यांना पाठवलंय. कोणी? तू ओळखत नाहीस.

आता सरळ सांगते. लग्नाआधी निनाद कंपनीच्या ट्रेनिंगला चार महिने हॉलंडला होता. फोनमध्ये 'यार्ड २' नावाचा नंबर आहे, त्यावरून कॉल आला की हा गॅलरीत जातो. त्यात हा फ्रॉक. मला वाटलं, याचं तिकडे कोणीतरी आहे, आणि एक मुलगी पण आहे. ओव्हर वाटेल तुम्हाला, पण त्या क्षणी माझं लग्न टिकतंय की नाही इथपर्यंत मी पोचले होते. तिकिटं नॉन-रिफंडेबल होती म्हणून विमानात बसले.

(टीप: मासळी युरोपात नेता येते, पण मटण, चिकन, दूध, तूप यातलं काही नाही. जाण्याआधी नियम एकदा बघून घ्या.)

पॅरिस सुंदर आहे, पण डोळे उघडे ठेवा. टेकडीवरच्या त्या पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर काही जण हाताला दोरा बांधायला येतात. बांधला की पैसे मागतात. मी दोन्ही हात बगलेत घालून चढले. मेट्रोत बॅग पुढे घेतली, कोणी नकाशा दाखवून काही विचारलं की मागे सरकले. निनाद म्हणाला, "तू माझ्यावरही असाच डोळा ठेवून आहेस." मी म्हटलं, कारण दे, ठेवणार नाही. तो हसला नाही.

खाण्याचं म्हणाल तर बेकरीतलं सँडविच बेस्ट. आपल्या पावापेक्षा कडक, दातांनी ओढून खावं लागतं. रेस्टॉरंटमध्ये साधं नळाचं पाणी मागा, फुकट मिळतं. नुसतं वॉटर म्हणालात तर बाटली येते आणि तिचा भाव बघून तहान जाते.

आयफेल टॉवरखाली गवतावर बसलो होतो. दिवे लागायची वाट बघत. फोन वाजला, 'यार्ड २'. निनाद उठून झाडापाशी गेला. मीपण आइस्क्रीम आणायला जाते अशा थाटात त्याच्या मागून गेले. आणि ऐकलं काय, तर हा गावच्या भाषेत बोलतोय. "न्हाय गो, हिला नाय सांगितलं. व्हय, आणलाय." माझ्याशी हा माणूस अर्धं इंग्लिश, अर्धं शहरी मराठी बोलतो. गावचं बोलणं फक्त मुरूडजवळच्या घरी, आईसमोर. मग रॉटरडॅममध्ये अशी कोण बाई आहे जिच्याशी हा 'न्हाय गो' करतो? मला काही जुळेना, आणि जुळेना म्हणून जास्तच भीती वाटली. आइस्क्रीम आणलंच नाही.

पॅरिसहून रॉटरडॅम फास्ट ट्रेनने तीन तासांच्या आत. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. आम्ही उशीर केला आणि रडलो. रॉटरडॅमला ट्रामसाठी वेगळं तिकीट लागत नाही, आपलं बँकेचं कार्ड चढताना टॅप करा आणि उतरताना आठवणीने परत टॅप करा. शहर नवंकोरं आहे, तिरक्या उंच इमारती, नदीवर मोठा पांढरा पूल. मे महिना असून वारा असला गार की कान दुखतात. उरण आणि हे दोन्ही बंदरंच, पण इथे ट्रकच्या धुळीशिवाय बंदर चालतं हे बघून जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादने गुळगुळीत दाढी केली, नवा शर्ट घातला आणि पलंगावर बसून राहिला. मग म्हणाला की एकीला भेटायचंय, तू पण चल, एकट्याने जायचं ठरवलं होतं पण आता जमत नाहीये. मी आधीच बूट घालून बसले होते. त्याच्या मागे जाणारच होते, मग सोबत गेले तर काय.

ट्राम पूल ओलांडून नदीच्या पलीकडे गेली. विटांच्या जुन्या बिल्डिंगा. तिकडचे जिने म्हणजे शिडीच, साडी नेसून चढायचं असेल तर विसरा. तिसऱ्या मजल्यावर निनादने बेल मारली. दार उघडलं. जीन्सवर कुर्ता, केस वर बांधलेले, चाळिशीची बाई. तिने निनादकडे बघितलं, मग त्याच्या मागे मला बघितलं, आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहिली.

"थांब. आधी नाव घे, मग आत ये."

मी बघतच राहिले. नवी सून घरात येते तेव्हा दार कोण अडवतं? नवऱ्याची बहीण. दुसऱ्या कोणाचा तो हक्कच नाही. ती उखाणा घ्यायला लावते, काहीतरी कबूल करून घेते, मग दार सोडते. माझ्या लग्नात एक चुलत नणंद हौसेने दारात उभी राहिली होती, तर सासूबाईंनी तिला बाजूला केलं. म्हणाल्या, "सोड दार, पोरगी दमलेय." मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार सासू मिळाली.

निनादला बहीण आहे हे मला माहीत होतं. गावात काय लपतं? तिने खाडीपलीकडच्या दिघीच्या मुसलमान मुलाशी लग्न केलं, सासऱ्यांनी तिचं नाव घरात काढायचं नाही म्हणून बजावलं, आणि सासरे गेल्यावरही ते कोणी काढलं नाही. ती आफ्रिकेत असते असं मला कोणीतरी सांगितलेलं. म्हणजे हॉलंडची ती बाई आणि ही बहीण, दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत होत्या. दार अडवलं तेव्हा मधली भिंत पडली.

मागून शेजारच्या आजी बाजाराची पिशवी घेऊन चढत होत्या, त्या पायरीवर थांबल्या. मी इंग्लिश मीडियमवाली, लग्नातले उखाणे पण पाठ करून घेतलेले. पण आला तो घेतला:

"रॉटरडॅमच्या जिन्यात हातपाय पडले गार,
निनादचं नाव घेते, नणंदबाई सोडा दार."

त्या डच आजींनी टाळ्या वाजवल्या. ताईने हात खाली घेतले नाहीत. म्हणाली, "दार सोडायचं काय देशील?" मी म्हटलं, काय हवं? म्हणाली, "जाताना मागते," आणि मग बाजूला झाली.

ताईचे मिस्टर, सलीमभाई, आधी जहाजावर इंजिनीअर होते, आता बंदरातच नोकरी करतात. मुलगी सना. फ्रॉक तिला आखूड झाला, मामाने जुनं माप धरलं होतं. तरी तिने तो जीन्सवर घातला आणि दिवसभर काढला नाही. सोड्यांची पिशवी ताईने उघडली, वास घेतला, बंद केली, परत उघडली. मग सलीमभाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि भात टाकला. ताई शिकवायला गेली तर म्हणाले, दिघीवाल्याला सोड्यांचा भात शिकवू नकोस, तुमच्या मुरूडकडे त्यात नुसतं पाणी असतं. आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमचा नवरा ट्रेनिंगला होता तेव्हा चार महिने इथेच जेवला. कंपनीचा भत्ता तसाच घरी नेला त्याने."

सगळे हसले, मीपण. पण आतून मी पेटले होते. निनादला किचनमध्ये गाठलं आणि विचारलं, तीन वर्षं मला का नाही सांगितलंस?

"तुला सांगितलं असतं तर तुलाही आईसमोर खोटं बोलावं लागलं असतं."

"मग आता काय बोलणारेय मी?"

तो ताटं उचलून बाहेर गेला.

जेवल्यावर ताईने सांगितलं. एक वर्षाआड डिसेंबरात ते दिघीला सासरी येतात. तिकडून समोर खाडीपलीकडे आगरदांडा दिसतं. फेरीबोट सारखी ये-जा करते, गाड्या, बाइक, माणसं सगळी त्यातून जातात. आगरदांड्याला उतरलं की आमचं घर रिक्षाने थोडंसंच. ताई दिघीच्या जेटीवर येते, बसते आणि परत जाते. वडील गेले तेव्हाही आली होती, बोटीचं तिकीट काढलं होतं. गावातून फोन आला की येऊ नकोस. बोट समोरून गेली. हे सगळं ती सनाची वेणी घालता घालता सांगत होती, बाजारात जाऊन आल्यासारखं.

संध्याकाळी आम्ही निघालो तर ताई परत दारात आडवी. या वेळी आतल्या बाजूने.

"आता मागते. डिसेंबरात मी त्या बोटीत बसणार हाय. समोर आगरदांड्याला आई उभी पाहिजे. तिला आणायचं काम तुझं."

निनाद आईचं बीपी वगैरे काढायला लागला.

"तू गप. मी वहिनीकडं मागतेय."

मी हो म्हटलं. म्हणजे दारात नणंद उभी असताना सून नाही कशी म्हणेल? ट्राममध्ये बसल्यावर कळलं की आपण काय कबूल करून आलोय.

कलोनचं काय सांगू? स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर ते प्रचंड काळपट चर्च. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, अर्ध्या दिवसात होतं. मी आत बसून मेणबत्त्यांकडे बघत आगरदांड्याची जेटी बघत होते.

स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नला खरी ॲनिव्हर्सरी झाली. लाकडी पूल, तळं, मागे बर्फ, सगळं फोटोसारखंच. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिता येतं, मी आधी निनादला प्यायला लावलं. जेवण भयंकर महाग, म्हणून सुपरमार्केटमधून भात आणि सॅलड घ्यायचो. ॲनिव्हर्सरीच्या दिवशी मात्र तिकडचं बटाट्याच्या किसाचं जाड थालीपीठ खाल्लं, वर चीज. छान लागतं, सोबत ठेचा हवा.

तळ्यातल्या बोटीवर आमचं भांडण झालं. निनादचं म्हणणं, आईला आधी सांगितलं तर त्या नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हणाल्या की संपलं. न सांगता नेलं आणि त्या जेटीवरून पाठ फिरवून निघाल्या, तर ताई बोटीतून ते बघेल. एकदा तिने बोट समोरून जाताना बघितलीये, परत तसं काही नको. मी म्हटलं, मग तू असेच चोरून सोडे पोचवत राहणार का? आजूबाजूचे लोक डोंगराचे फोटो काढत होते. आमचा त्या बोटीवरचा एकही फोटो नाही.

परत आल्यावर रविवारी चॉकलेटं घेऊन गावी गेलो. रॉटरडॅमचे फोटो मी आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये लपवले होते, म्हणजे आता लपवणाऱ्यांत मीपण. आईंनी सगळे फोटो बघितले. आयफेल टॉवरला म्हणाल्या, "लोखंडच हाय ना सगळा?" बर्फाला म्हणाल्या, थंडी किती ती. मग फोन माझ्या हातात देताना, निनाद बाहेर गेल्यावर, हळूच विचारलं, "तिकडची मानसा बरी हायत ना?"

मी म्हटलं, हो आई, बरी आहेत. त्या "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला बसल्या.

निनाद म्हणतो, आई कोणीही कुठूनही आलं की हेच विचारते. मला नाही पटत, मला वाटतं त्या ताईचंच विचारत होत्या. त्यांनी खाणं नाही विचारलं, हॉटेल नाही विचारलं. पण माझा संशय किती खरा असतो हे वर वाचलंच तुम्ही, मी तर नणंदेला सवत समजून गेले होते. त्यामुळे या वेळी स्वतःवरही भरवसा नाही.

ट्रिपमधून काय राहिलं विचाराल, तर पॅरिस नाही आणि बर्फही नाही. एक कबुली राहिलीये, आणि डिसेंबर लांब नाही. नावं मी बदललीत, निनादला विचारून लिहितेय, आणि आई ब्लॉग वाचत नाहीत. माझ्यासमोर दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे त्यांच्यासमोर बसून सगळं सांगायचं आणि नकार आला तर तो ताईला कळवायचा. दुसरा म्हणजे हरिहरेश्वरला दर्शनाला जाऊ म्हणायचं. त्यासाठी आगरदांड्याला फेरीबोटीची वाट बघत उभं राहावंच लागतं, आणि समोरून येणाऱ्या बोटीत कोण आहे ते त्यांना तिथेच दिसेल.

तुम्ही माझ्या जागी असता तर आईंना आधी सांगितलं असतं, की काहीच न बोलता जेटीवर नेऊन उभं केलं असतं?