आधी चूल, मग चुडा

द्वारकाकाकू कासारीण लग्नघरात आली की टोपली खाली ठेवायची, पण टोपलीवरचं फडकं सोडायची नाही. नवरी हात पुढे करून बसलेली, भोवती बायका गोळा झालेल्या, आणि ही बाई पदरानं घाम पुसत नवरीच्या आईला विचारणार, "चूल कोनी पाह्यली?" म्हणजे नवरदेवाच्या घरी जाऊन तिथली चूल पेटलेली आपल्या माणसानं पाहिली का? पाहिली असेल तर फडकं सुटायचं. नसेल तर टोपली डोक्यावर आणि काकू दाराबाहेर. "आधी चूल, मग चुडा," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या गोरेगावची कार्टी ते ओरडत तिच्यामागे पळायची आणि ती त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

ते निजामाच्या राज्यातले दिवस. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि काकूचं घर आमच्या परसाला लागून. ठेंगणी, सावळी, तोंडानं फटकळ. पण एकदा का पोरीचा हात हातात घेतला की आवाज लोण्यासारखा व्हायचा. "हात सैल सोड, माय. अंग चोरलं की काच फुटती." पंचक्रोशीतल्या प्रत्येक पोरीनं हे वाक्य ऐकलेलं. चुडा भरून झाला की रिवाजाप्रमाणे नवरी आणि मागोमाग तिची आई काकूच्या पाया पडायची आणि ती तोंडभर आशीर्वाद द्यायची.

तिच्या या हट्टामागचं कारण आईनं मला सांगितलं होतं. काकूची धाकटी बहीण चिमा अशीच दिली होती. गोड बोलणारे पाहुणे आले, हुंडा नको म्हणाले, लग्नाचा खर्चही आमचाच म्हणाले. घाईघाईनं अक्षता पडल्या. चुडा भरला तो तिच्या बापानं, स्वतःच्या हातानं. चिमा पहिल्या सणालाही माहेरी आली नाही. पाहुण्यांनी सांगितलेल्या गावात त्या नावाचं घरच नव्हतं. बाप मरेपर्यंत आपल्या हातांकडे बघत बसायचा, म्हणे.

लोक आधी काकूला हसले. मग शेजारच्या एका खेड्यात मांडव पडलेला असताना ती टोपली झाकून अडून बसली, चूल दाखवा म्हणाली, आणि वऱ्हाड जेवायच्या आत पसार झालं. तेव्हापासून हसणं थांबलं. हळूहळू लोक म्हणू लागले, द्वारकाबाईनं चुडा भरला ना, मग स्थळ बराबर. बायका सगळी चौकशी काकूवरच सोपवून मोकळ्या झाल्या. यात काय वाढून ठेवलंय, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना तिच्या.

गोदी माझी मैत्रीण. पारूमावशीची थोरली. मावशी विधवा, गोदीच्या पाठीवर आणखी दोन पोरी, दुसऱ्याच्या रानात निंदणखुरपण करून दिवस काढणारी. लहानपणी विळा लागून गोदीची करंगळी वाकडी झाली होती. त्यावरून आम्ही तिला चिडवायचो. तिला स्थळ आलं ते वाशीमकडचं, म्हणजे निजामाच्या हद्दीवरल्या नाक्यापलीकडचं, इंग्रजांच्या मुलखातलं. मुलाचा मामा म्हणवणारा गृहस्थ बोलायला असा की ऐकतच राहावं. काकूनं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आमची चूल पाहून घ्या. आमाला लपवायचं काय?"

गोदीचा मामा केशव गाडी जुंपून गेला. परत आला तो खुशीत. "पाह्यली चूल. भाकरी खाल्ली, ताक पेलो. दारात दोन बैलं, सासू सोभावानं गरीब."

काकूनं फडकं सोडलं. गोदीच्या हातात हिरवा चुडा भरताना मी शेजारीच बसले होते. एकही काच फुटली नाही. बायका म्हणाल्या, शुभ आहे.

महिना लोटला, निरोप नाही. केशवमामा पुन्हा गेला. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, ते लोक भाड्यानं राहिले होते, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गेले. मामा येऊन काकूच्या ओट्यावर बसला तो उठेचना. काकूनं त्याला एकच विचारलं.

"केशव, चुलीमागची भिंत काळी व्हती का रे?"

मामा विचारात पडला. "न्हाई. पांढरीफटक व्हती. म्या म्हनलं, बाया टापटिपीच्या दिसतेत."

काकू खालीच बसली. नव्या चुलीमागे काजळी कुठून असणार? ती स्वतः गेली असती तर दारातूनच ओळखलं असतं. हे ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली, आणि आम्ही समजूत काढत राहिलो. समजूत कसली, आमचंच तोंड गप्प बसत नव्हतं म्हणून बोलायचं. त्या दिवसापासून तिनं कुणाला पाया पडू दिलं नाही. नवरी वाकली की पाय ओढून घ्यायची.

मग ती बांगड्या घेऊन गोदीला शोधत नाक्यापलीकडे जायला लागली. कनेरगावला करोडगिरीची चौकी होती, जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात घ्यायची. शिपाई तिची टोपली उपसायचे, बांगडी न् बांगडी मोजायचे. काकू म्हणायची, "माह्या काचंला करोडगिरी हाय, पोरीला न्हाई. गोदी मुंडावळ्या लावून ह्याच नाक्यावरून गेली. शिपायायनं लाडू खाल्ले, पन कुठं चालली लेकरू, कोनाच्या संगं, कोनी इचारलं न्हाई."

पुढचं मला वडिलांनी फार वर्षांनी सांगितलं. वऱ्हाडातल्या एका मोठ्या गावात, बाजारामागच्या गल्लीत, बायका खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून बांगड्या भरून घेत. तोंडं दिसत नसत. काकू हातांवर हात भरत होती. एक हात पुढे आला आणि तिनं तोंड उघडायच्या आत आतून हलक्या आवाजात शब्द आले, "सैल सोडलाय, काकू."

करंगळी वाकडी होती.

काकूनं तो हात धरून ठेवला. गोदी म्हणाली, "भरा तुमी. थांबलात तर त्यायला कळंल." काकू एकेक बांगडी चढवत राहिली. शेवटी गोदी म्हणाली, "मायला नका सांगू. धाकट्या दोघीयची लग्नं व्हायचीत अजून." मग हात आत गेला.

काकू तशीच तिथल्या पोलिसांकडे गेली. ते म्हणाले, पोरगी निजामाच्या मुलखातली, तिकडचा कागद आणा. ती रडत आमच्या दुकानात आली. वडील तिला घेऊन इकडच्या पोलिसांच्या अमीनसाहेबांकडे गेले. साहेबांनी पानाचा तोबरा सांभाळत ऐकून घेतलं. "वो अंग्रेज का इलाका है, बाई. और शादी तो हुई थी ना? चूड़ी किसने पहनाई?"

"म्या," काकू म्हणाली.

"फिर?" साहेब म्हणाले.

ती पुन्हा पलीकडे पोचली तेव्हा त्या खिडक्यांत दुसरेच हात होते. वडिलांना तिनं शपथ घातली, पारूला यातलं अक्षर कळता कामा नये. पारूमावशी मात्र काकू फेरीहून आली की दारात उभी राहायची. "कुठं दिसली का वो?" काकू म्हणायची, "न्हाई, माय."

त्यानंतर शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत ती बांगड्या भरता भरता बायकांना बजावायची. भिंत पाहा, काजळी पाहा, शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारा, पानी भरनाऱ्या बायायला इचारा, मामा म्हनून आला त्याच्या मामाला इचारा. काही ऐकायच्या. काही म्हणायच्या, काकू, बांगड्या भरा, कीर्तन नको. एकदा परत येताना ती मला म्हणाली, "म्या इतकं बोंबलून राहिले, ते बी त्यायच्या कानावर जातंच ना. उद्या ते भिंतीला काजळी फासतील. म्या बायायला शिकवून राहिले का त्या चोरट्यायला, सांग."

माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी चूल पाहिलेली होती, तरी ती स्वतः बैलगाडीनं जाऊन आली. भिंतीला लावलेलं बोट काळंच ठेवून परतली आणि माझ्या आईला दाखवलं. मग फडकं सोडलं.

अठ्ठेचाळीस साली पोलीस कारवाई झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. निजाम गेला म्हणून गावात साखर वाटत होते. काकू तेव्हा दम्यानं खंगलेली. भिंतीला धरत धरत आमच्या ओसरीवर आली आणि वडिलांना म्हणाली, "आन्ना, आता नाक्याच्या अल्याड-पल्याड एकच राज झालं ना? मंग आता तरी आनता यील का तिला?"

वडील साखरेची वाटी हातात धरून उभे राहिले. कुठून आणायची? ती कुठे होती, हेच आता कुणाला ठाऊक नव्हतं.

साखर घ्यायला पारूमावशीही आलेली, दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. धाकट्या दोघींची लग्नं होऊन गेली होती. काकूनं तिच्याकडे बघितलं.

"दिसली व्हती, पारू. एक डाव."

मी घाबरले. वाटलं, मावशी आता आकांत करील, इतकी वर्षं लपवलंस म्हणून काकूच्या अंगावर जाईल. ती खाली बसली. तिचे स्वतःचे हात किती वर्षांचे रिकामे.

"हातात बांगड्या व्हत्या का तिच्या?"

"व्हत्या," काकू म्हणाली. "म्याच भरल्या."

मावशीनं मान हलवली. मग लेकीचा चुडा भरून झाल्यावर आई वाकते तशी वाकून तिनं काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूनं पाय ओढून घ्यायला हात टेकवला, पण तिच्यात तेवढी ताकद राहिली नव्हती.