हिरड्यांतलं रक्त आणि मशेरीची तलफ

“पायोरिया,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या खालच्या दाताला बोट लावलं. दात हलला. पायोरिया म्हणजे हिरड्यांचा आजार. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मग दाताला धरून ठेवणारं हाडच झिजत जातं. “हे दोन काढावे लागतील. बाकीचे थोडे हलतायत, ते टिकतील, पण मशेरी सोडलीत तर.”

मी तेव्हा पंचविशीचीही नव्हते. भोसरीत आमची शेती होती. बांधावर भाकरी खाताना कांद्याला लाल डाग पडायचा. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढं तोंडाला वास येऊ लागला, तशी मी मालकांशी बोलताना पदर तोंडाशी धरायला लागले. शेवटी त्यांनीच मला एसटीत बसवून पुण्याला आणलं.

दात काढायची वेळ येईपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावर बसत होते, उठत होते, दारापर्यंत जाऊन येत होते. सकाळपासून मशेरी लावली नव्हती.

“बस की जरा. लोकं बघत्यात,” मालक म्हणाले.

“दातबी गेले आन् मशेरीबी गेली, तर म्या दिवसभर करू काय?”

त्यांनी सरकून बाकावर मला जागा केली.

दात काढले. काही दिवसांनी स्केलिंग झालं, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढलं. डॉक्टरांनी मऊ ब्रश दिला. दात आणि हिरडी भेटतात तिथं हलक्या हातानं फिरवायचा, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. “सुरुवातीला रक्त येईल. आलं म्हणून घासणं थांबवू नका.”

खरी परीक्षा घरी होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायच्या. तो धूर आला की मी घागर घेऊन विहिरीवर जायचे. घरात पाणी भरलेलं असलं तरी जायचे.

मी घासून लाल थुंकले की आत्याबाई कळवळायच्या. “अगं, मशेरीनं हिरडी घट्ट व्हती तुजी. ह्या कुंचल्यानं पार फाडून टाकली.”

मला ते खरं वाटू लागलं. एका सकाळी चिमूटभर मशेरी घेतली आणि लावलीच. काढलेल्या दातांच्या खळगीत ती अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. मी अंगणात धावत जाऊन थुंकले, चुळांवर चुळा भरल्या.

आत्याबाई मागोमाग आल्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “उद्यापास्नं म्या मागल्या दारी भाजते. तुज्या नाकापुढं नगं.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “हा आजार फारसा दुखत नाही, म्हणूनच माणसं उशिरा येतात.” बायांनो, माझं एवढंच ऐका. दुखेपर्यंत थांबू नका.

रक्त हळूहळू थांबलं. तलफ मात्र लवकर गेली नाही. कुणाच्या घरी मशेरीचा वास आला की अजूनही पाय तिथंच घुटमळतात.

नंतर एकदा डॉक्टरांनी राहिलेले दात बोटानं दाबून पाहिले. “आता हलत नाहीत,” ते म्हणाले.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, “डाक्टर, आणीक येकदा दाबून बघा.”

त्यांनी दाबून पाहिलं. एकही दात जागचा हलला नाही.