अंगणातली दुसरी फुली

देवरीच्या बसस्टँडवरून फोन आला तेव्हा मी अंगण सारवत होते. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मोजणीच्या कामाला निघाले होते. बाकड्यावर बसले आणि उठलेच नाहीत... महिना होत आला. सोळा वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही, पदर ओढून बाजूला होते. त्यांच्यासमोर माझा आवाज एकदाच निघाला, तोही दुसऱ्याशी बोलताना.

ते मोजणीच्या साहेबांचा दांडा धरत. ड्रोन वरून गावाचे फोटो काढतो. फोटोत घर, विहीर, तलावाची पाळ सगळं दिसतं, पण जमिनीवर ते नेमकं कुठे आहे हे फोटोला कळत नाही. म्हणून आधी गावात जागोजागी चुन्याच्या मोठ्या फुल्या काढायच्या आणि प्रत्येकीच्या मधोमध दांडा उभा करून तिथले आकडे यंत्रात घ्यायचे. मग फोटोतल्या फुल्या त्या आकड्यांशी जुळवल्या की बाकी सगळ्याची जागा निघते. दांड्याला काचेची डबी होती, तिच्यात बुडबुडा. तो मधोमध आला की दांडा सरळ. तेवढा वेळ भासरे श्वाससुद्धा धरून ठेवत.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा एक फुली त्यांनी आमच्याच अंगणात काढली, मोजली आणि सासूबाईंना म्हणाले, "लहानीले सांग, यावर पाय नोको देऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रोन उडायचा होता. मी पाय दिला नाही. पण पहाटे हाताच्या सवयीने सारवत गेले, आणि पाहते तर फुली शेणाखाली! भासरे पुढच्या ओसरीत, छपरीत, पाठमोरे बसून चहा पीत होते आणि सासूबाई अजून उठल्या नव्हत्या. सांगायचं कसं? उरलेला चुना घेतला आणि अंदाजाने दुसरी काढली. रांगोळीचा हात, छान सरळ आली. ड्रोन डोक्यावरून निघून गेला. बिरसीच्या विमानतळावरची विमानं रोजची, त्यामुळे कोणी मान वर केली नाही. मी मात्र घरात जाऊन बसले.

चार दिवसांनी साहेब लॅपटॉप घेऊन अंगणात आले. बाकी फुल्या जुळत होत्या, आमची दीड हात सरकली होती.

"सब जगह ठीक, और अपने ही घर में डंडा तिरछा पकड़ा?"

"बुडबुडा मधात होता, साहेब."

"तो फुली क्या पैदल चली?"

जमलेले लोक हसले. भासरे पुन्हा तेच म्हणाले, "मधात होता." आवाज बारीक झाला होता. साहेबांनी लॅपटॉप मिटला. "कल से दूसरा आदमी देखता हूँ." भासऱ्यांनी दांडा भिंतीला टेकवला... मी दाराआड होते. पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि बाहेर आले.

"साहेब, फुली चालली नाई. मीनं सारवली. मंग ही दुसरी मीनंच काढली."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बादलीभर पाणी आणलं, ओणवे होऊन नखांनी शेण खरवडलं. खाली त्यांचा चुना होता. त्यावर दांडा धरला. आकडे पहिल्यासारखेच आले. मग माझ्या फुलीवर धरला, कारण फोटोत तीच होती. ते आकडे घातले आणि फोटो जमिनीवर बरोबर बसला.

साहेब नुसतं म्हणाले, "कल आठ बजे आना."

भासरे हातपाय धुऊन छपरीत बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "माय, लहानीले सांग, तिची फुली माह्यापेक्षा सरळ आहे."

मी आत तोंडात पदर घेऊन हसले की रडले, आठवत नाही. नंतरही आम्ही बोललो नाही. कामाला निघताना मात्र ते अंगणातली ती फुल्यांची जागा टाळून जात.

तेरवी झाल्यावर पहिल्यांदा अंगण सारवायला बसले. त्यांच्या फुलीच्या जागी हात थांबला. नखाने थोडं खरवडलं. पांढरं दिसलं. छपरीत कोणी नव्हतं. तरी पदर मागे सारून मी मोठ्याने म्हणाले, "भाऊजी, तुमची फुली जागेवरच आहे."