शेवटचे दोन किलोमीटर

चार वर्षांपूर्वीचा, जानेवारीतला एक रविवार. अंतर दहा किलोमीटर. हजर माणसं दोन – मी आणि सुमन, माझी बायको. पण त्या दिवशी मी काय केलं, ते तिलाही सांगितलं नव्हतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. न मोजता तक्त्यात आकडे भरणाऱ्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेणारा. चाकणपलीकडच्या धरणाकाठी एक पायवाट आहे. तिथे आमचा रविवारी चालणाऱ्यांचा गट. वाटेवर किलोमीटरचे दगड रंगवायची हौस माझीच. तीस मीटरची टेप, पांढऱ्या रंगाचा डबा. टेपला दोन माणसं लागतात. आठव्या दगडाशी सुमनच्या टाचेत काटा मोडला, ती बसली. पुढची वाट टेकडीला वळसा घालून गाडीपाशी येते. मी एकटाच गेलो – आणि न मोजताच दोन किलोमीटर धरले. अंदाज होता? अंदाजही नव्हता. दहा हा आकडा देखणा वाटला.

इथवर चूकच म्हणता आली असती. पण मग दत्तूभाऊ आले.

आमच्या वेल्डिंग शॉपमधले, धरणाशेजारच्याच गावचे. हृदयाच्या बायपासनंतर हातात घड्याळ बांधून चालायचे. किलोमीटरला पंधरा मिनिटं, बिनचूक. शेवटच्या दोनला मात्र पन्नास. गटातल्या एकाने फोन दाखवला – तिथे तीनच्या वर अंतर होतं. मी म्हणालो, टेकडीआड फोन चुकतो. दत्तूभाऊच त्याला म्हणाले, "फोनचं काय सांगतो राव? सायबांनी टेपनं मोजलंय!"

तेव्हा बोलायचं होतं ना? मी बुटाची नाडी बांधत बसलो.

वर्षभर ते त्या पन्नास मिनिटांशी झगडले. एका रविवारी म्हणाले, "सायेब, हृदयात दम न्हाई राहिला. बास आता." आणि यायचे थांबले. ओसरीवर बसून राहू लागले. मला माहीत होतं, दम होता. मला एकट्यालाच माहीत होतं – तीन वर्षं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो, सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "म्हंजी मी पंधरा मिन्टांनीच चालत व्हतो?"

"हो."

"तीन वर्सं बसवलं की ओ मला तुमी." आवाज चढला नव्हता. मग उठून चपला शोधायला लागले. "टेप आणलीया का?"

टेप गाडीतच होती. आठव्या दगडापासून दुसरं टोक त्यांनी धरलं. चढावर दोनदा थांबले, मीही थांबलो. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा आकडा भरला तीन हजार तीनशे चाळीस मीटर. जुना दहाचा दगड मी पुसला. नवा आकडा त्यांनी त्यांच्या हाताने घातला, जरा तिरका.

दत्तूभाऊ आता दर रविवारी येतात. त्यांना परत दिले ते तेराशे चाळीस मीटर. तीन वर्षं दिलेली नाहीत.