म्हातारीच्या पायाची पट्टी

मैत्रिणींनो, इथे काशीत आमच्याकडे भाड्याने राहणारी परदेशी आना वर्षभर घाटावरच्या निराधार बायकांची मलमपट्टी करते आहे. पंधरा दिवसांनी ती आपल्या देशी परत जाणार.

आज मंगला गौरीच्या देवळात पूजा करून येताना ती मला पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर दिसली. एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होती. मला म्हणाली, "चाची, आप सीख लो ना. मेरे बाद इनका कौन करेगा?"

मी खाली बसले, पण हात काही पुढे होईना. शेवटी म्हातारीनेच पाय मागे घेतला. "रहने दो माताजी, आप पूजा करके आई हो."

खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. घरी देवापुढे बसले, तर हात जोडवेनात.

तुमच्यापैकी कोणी हे काम केलंय का? पहिल्यांदा हात कसा पुढे केलात?