पाखऱ्या-चांद्याचे दिवे

मच्छिंद्रभाऊंनी कापसाच्या खोलीत रेल्वे आणली, तेव्हा हसनाबादला रेल्वे नाही, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. "म्हणूनच आणली," भाऊ म्हणाले.

मोठ्या टेबलावर रुळांचं कडं होतं. त्यावर वीतभर लांबीची दोन इंजिनं. एक पाखऱ्या, दुसरा चांद्या. ट्रॅक्टर आल्यावर भाऊंची बैलजोडी गेली होती. नावं मात्र त्यांनी ठेवून घेतली होती.

आता कापूस वेचणीला आला होता. त्यांच्या बायकोनं, दैवशाला वहिनींनी, निकाल दिला. "रविवारी माझ्यासमोर गाड्या बराबर चालल्या, दिवे बराबर लागले, तर खोली तुमची. न्हाईतर सोमवारी इथं कापूस भरते मी."

भाऊंनी गल्लीतल्या अद्वैतला बोलावलं. अद्वैत नुकताच एमए होऊन गावी परतला होता. भाऊंनी त्याच्या हातात इंग्रजी माहितीपुस्तिका दिली.

"भाऊ, माझं एमए मराठीत झालंय."

"मंग? ह्ये बी छापलेलंच हाय. वाच."

अद्वैत वाचू लागला. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी पट्टी होती. तिला डिकोडर म्हणतात. तिला आधी एक नंबर द्यायचा. मग आकडे दाबून शिकवायचं, की पुढे जाताना पुढचा दिवा पांढरा, मागचा लाल. नंतर हातातल्या यंत्रावर तो नंबर दाबला, की तेवढं एकच इंजिन ऐकतं. शिकवणीसाठी रुळाचा वेगळा तुकडा दिलेला होता.

"इथं लिहिलंय," अद्वैत म्हणाला, "शिकवताना रुळावर एकच इंजिन ठेवा."

भाऊंना ते पटलं नाही. "नवं जनावर एकट्यानं शिकत असतं का? बुजतं ते. जोडीनंच जुंपावं लागतं."

"भाऊ, हे जनावर नाही."

"ह्ये लिहिणाऱ्यानं बैल पाह्यला का कधी?"

अद्वैतनं पुस्तिका पुन्हा चाळली. त्याबद्दल तिच्यात काहीच नव्हतं. 

भाऊंनी दोन्ही इंजिनं एकामागं एक त्या तुकड्यावर ठेवली. पाखऱ्याचा म्हणून नंबर दिला सात. दिव्यांचे आकडे दाबले. दोघांचेही दिवे एकदम लागले.

"बघ," भाऊ म्हणाले. "एका हाकेत दोघं शिकले."

रविवारी वहिनी आल्या. टेबलाला खेटून खुर्चीवर बसल्या. भाऊंनी इंजिनं समोरासमोर तोंड करून लांब लांब उभी केली. चांद्या जागेवर थांबणार आणि पाखऱ्या त्याच्या भेटीला येणार, असा बेत होता.

भाऊंनी सात दाबून पाखऱ्याला सोडलं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. वहिनींच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात चांद्याही निघाला.

"त्याला कोनं सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

भाऊंचा हात यंत्रावरच राहिला. त्यांनी तोंडानं "हो, हो, हो" केलं, बैलाला थांबवतात तसं. इंजिनं थांबली नाहीत. वळणावर दोघांची टक्कर झाली. पाखऱ्या आडवा पडला. चांद्या टेबलावरून घसरून थेट वहिनींच्या ओटीत गेला.

अद्वैतला डोळ्यांसमोर कापूस दिसू लागला.

वहिनींनी चांद्या उलटासुलटा करून पाहिला. पदरानं पुसला.

"लागलं का याला?"

अद्वैत त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग भानावर येऊन त्यानं पुस्तिका उघडली. "दोघांना एकत्र शिकवलं, म्हणून दोघांचा नंबर एकच झाला. आता एकाला वेगळा नंबर देऊ. एकट्याला ठेवून."

"म्हंजे जोडी फोडायची."

"थोडा वेळ, भाऊ."

भाऊ हलेनात. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चांद्याला मी धरून बसते. इथंच, समोर. त्याला पाखऱ्या दिसत राहील. मंग तर झालं?"

पाखऱ्याला पाच नंबर मिळाला. चांद्याचा सातच राहिला. पुन्हा समोरासमोर उभे केले. भाऊंनी पाच दाबला. पाखऱ्या दिवा लावून निघाला. चांद्या जागचा हलला नाही. पाखऱ्या त्याच्याजवळ येऊन अलगद थांबला.

"आता?" भाऊंनी विचारलं. पुढचं विचारायची हिंमत त्यांना झाली नाही.

"आता काय? उद्या कापूस भरायचा."

भाऊंनी मान खाली घातली.

"टेबलाखाली," वहिनी म्हणाल्या. "टेबल कोन हलवून राह्यलं?"

कापूस टेबलाच्या फळ्यांना खालून टेकेपर्यंत भरला गेला. आता त्याचे तंतू उडून इंजिनांच्या चाकांत गुंडाळतात. रोज संध्याकाळी भाऊ चष्मा लावून, चिमट्यानं एकेक तंतू ओढत पाखऱ्याची चाकं साफ करतात. तोवर यंत्र वहिनींच्या हातात असतं. भाऊंनी जास्तच वेळ लावला, की त्या रुळावरच्या चांद्याचा दिवा लावतात, विझवतात, पुन्हा लावतात.

"आवरा की जल्दी. आमचा खोळंबा होऊन राह्यला."