कॅमेऱ्यामागचा दिवा

"ड्रेस साबणाच्या वडीसारखा दिसतोय," निनाद सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

मी झूम केलं. खरंच होतं. बाकी हॉल छान जमला होता. लाकडी टीव्ही युनिट, शिलाई मशीन, वाऱ्याने आत्ता हलेल असा पडदा. आणि मधोमध पुतळ्यावर एक पांढरा गाउन, ज्याला ना चुणी होती ना लेस. एक गुळगुळीत पांढरा गोळा.

"टेक्स्चर बदल. शुक्रवारी आंटी येतायत," एवढं बोलून सर चहाला गेले.

आमचं ऑफिस वसई रोडला एका बेकरीच्या वर आहे. आम्ही अजून न झालेल्या खोल्यांचे फोटो बनवतो. प्लॅन बघून कॉम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करायच्या, फर्निचर ठेवायचं, कोणती वस्तू किती चमकेल ते ठरवायचं, दिवे लावायचे. मग या खोलीत उजेड कुठे आपटून कुठे जाईल याचं गणित कॉम्प्युटर करतो आणि चित्र तयार होतं. त्याला रेंडर म्हणतात. मला हे काम आवडतं. एक म्हणजे यात कोडी असतात. दुसरं म्हणजे बोलावं लागत नाही. मीटिंगमध्ये सर बोलतात, मी मॉनिटरच्या मागे बसून माउस हलवते.

हे रेंडर सिसिल आंटींसाठी होतं. त्यांचं माहेर वसईतल्याच पाचूबंदरचं, सासर होळी या बाजारपेठेजवळ. लग्नाचे आणि फर्स्ट कम्युनियनचे, म्हणजे मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवसाचे, पांढरे ड्रेस शिवणं हे त्यांचं काम. पांढऱ्या कापडावर पांढरे मणी, पांढऱ्या दोऱ्याने, हाताने. जुन्या घराच्या ओटीवर बसून त्यांनी हे आयुष्यभर केलं. आता ते घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहत होती आणि बदल्यात त्यांना एक फ्लॅट मिळणार होता. पुढचा की मागचा, हे त्यांनी ठरवायचं. पुढचा रस्त्याकडे, मोठ्या हॉलचा. मागचा लहान. शनिवारी बिल्डरकडे सही, आणि सही झाली की बदल नाही. मस्कतला असलेल्या त्यांच्या मुलाने, ग्लेनने, पुढचा पसंत केला होता. "मम्मीला पटेल असं दाखवा," असं त्यानेच आम्हाला सांगितलं होतं.

आंटींची अट एकच होती. पहिल्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या, "हॉल मोठा चालेल, लहान चालेल. माझी सुई दिसली पायजे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उजेड नसला तर माझं काम बंद."

"दिसेल, आंटी," सर म्हणाले होते.

मी ड्रेसवर काम सुरू केलं. आधी लेसचं टेक्स्चर, म्हणजे ड्रेसवर चढवलेलं लेसचं चित्र, मोठं करून पाहिलं. फरक नाही. मग बम्प वाढवला. बम्प म्हणजे सपाट पृष्ठभाग खडबडीत असल्याचा आभास. तो कितीही वाढवला तरी ड्रेस सपाटच. मग डीनॉइझरचा संशय आला. रेंडरमध्ये दाणे दिसतात, ते पुसायला हे टूल असतं. कधी कधी दाण्यांबरोबर बारीक नक्षीही पुसून टाकतं. ते बंद केलं. आता दाणेदार साबणाची वडी दिसायला लागली.

काहीच सुचेना तेव्हा मी एक साधी गोष्ट केली. सगळे दिवे बंद केले आणि एकेक चालू करत गेले.

इथे आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. फक्त खिडकीच्या उजेडावर रेंडर केलं तर खोली बऱ्याचदा उदास येते. म्हणून सगळेच जण चित्रात न दिसणारे दिवे ठेवतात. एक कॅमेऱ्यामागे, एक छताखाली, एक सोफ्याच्या कोपऱ्यात. दिवा दिसत नाही, त्याचा उजेड तेवढा दिसतो. आमच्या ऑफिसात त्यांना भुतं म्हणतात. "दोन भुतं टाक, खोली उघडेल," असं सर अगदी सहज सांगतात.

नुसत्या खिडकीवर ड्रेसला चुण्या होत्या. छताखालचं भूत चालू केलं, तरी होत्या. कॅमेऱ्यामागचं चालू केलं आणि चुण्या गेल्या.

मी ते चार-पाच वेळा बंद-चालू करून बघत बसले. म्हणजे टेक्स्चरचा दोषच नव्हता. पांढऱ्यावर पांढरं दिसतं ते फक्त सावलीमुळे. उजेड बाजूने आला की प्रत्येक मण्याची बारीकशी सावली पडते. समोरून आला की सावली मण्याच्या मागे लपते आणि सगळं सपाट होतं.

भुतं काढली तर खोली अंधारी झाली. हेही विचित्र होतं, कारण खिडकी मोठी होती. सकाळी दहाचा सूर्य लावून पाहिला, तर जमिनीवर उन्हाचा झक्क चौकोन पडला. पण हे ऊन खरंच तिथे येणार होतं का? सॉफ्टवेअर कागदाची वरची बाजू उत्तर दिशा धरतं. बिल्डरचा प्लॅन ब्रोशरमधून घेतलेला होता, आणि ब्रोशरमध्ये रस्ता नेहमी खाली काढतात, कारण तसा तो पानावर नीट बसतो. उत्तरेचा बाण कुठेच नव्हता.

माझ्या मनात आलं, खिडकीबाहेर नक्की काय आहे? रेंडरमध्ये आम्ही आकाशाचा एक गोल फोटो मॉडेलभोवती गुंडाळतो. माझा फोटो कुठल्या तरी परदेशी माळरानावरचा होता.

मी आंटींना मेसेज टाकला. उत्तराऐवजी फोनच वाजला. मला फोनवर बोलायचं म्हणजे धडधडतं.

"मेसेज कशाला गं, बाय? बोल की. साइट बघायची? उद्या सकाळी ये, मी पन येते. एकटी चढू नकोस, जिन्याला कठडा नाय."

दुसऱ्या दिवशी कठडा नसलेल्या जिन्यावरून त्यांनीच माझा हात घट्ट धरून मला दुसऱ्या मजल्यावर नेलं.

"तू बोलत का नाय गं? त्या दिवशी पन कॉम्प्युटरच्या मागे लपून बसलेलीस."

"ऐकत होते, आंटी."

"ऐकायला पगार देतो तुला तो निनाद?"

मला हसू आलं.

पुढच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उन्हाचा चौकोन नव्हता. सकाळचं ऊन बिल्डिंगच्या मागच्या अंगाला होतं. म्हणजे कागदाची वरची बाजू पूर्व होती आणि ही खिडकी पश्चिमेची. तेवढंच नव्हे. खिडकीसमोर, रस्त्याच्या अलीकडेच, पलीकडच्या माणसाशी न ओरडता बोलता येईल इतक्या अंतरावर, दुसऱ्या विंगचे पिलर आमच्या उंचीपर्यंत आले होते.

"हे अजून वर जानार," आंटी म्हणाल्या. "चार वाजताचं ऊन येत असेल, ते पन जाईल मग."

त्यांनी पिशवीतून एका ड्रेसचा गळा काढला. मणी लावायचं काम अर्धं झालं होतं. त्या सिमेंटच्या गोणीवर बसल्या, गळा वर धरला, खाली धरला, आणि परत घडी घालायला लागल्या. मी तो मागून घेतला आणि हळूहळू फिरवला. खिडकीकडे पाठ करून धरला की मणी गायब व्हायचे. खिडकी बाजूला आली की एकेक मणी सुटा दिसायचा, पण फिका.

"तसंच," त्या म्हणाल्या. "बाजूने पायजे. पन भरपूर पायजे."

मग आम्ही मागच्या फ्लॅटमध्ये गेलो. हॉल खरंच लहान. खिडकी बाजूच्या भिंतीत, उत्तरेकडे, बाहेर कुणाची तरी केळीची वाडी. तिथे आंटींनी गळा धरला. मणी मोजता आले असते. फक्त कापडावर अगदी हलकी हिरवी झाक होती, केळीच्या पानांवरून उडालेली. गंमत म्हणजे रेंडरमध्ये अशी झाक आली की मी ती चूक समजून काढून टाकते.

"हिरवट दिसतंय," मी म्हटलं.

"दिसू दे. दोऱ्याचा रंग आधी ओटीवर जुळवायची, आता गॅलरीत जुळवीन." मग त्या वाडीकडे बघत राहिल्या. "पन ही वाडी तरी किती दिवस? माझं घर गेलं, तिचं काय घेऊन बसलीस."

ऑफिसात येऊन मी मॉडेलमधली उत्तर दिशा फिरवून खऱ्या जागी आणली. समोरच्या विंगच्या जागी एक करडा ठोकळा उभा केला. माळरान काढून टाकलं. भुतं बंद. मग मागच्या फ्लॅटचंही मॉडेल केलं, बाहेर केळी लावल्या, तेही रेंडर लावलं. शेवटी केळी काढून तिथेही बिल्डिंगएवढा ठोकळा ठेवला आणि तिसरं रेंडर लावलं.

तिन्ही चित्रं माझ्या आधीच्या चित्राइतकी सुंदर नव्हती. पण ती फोटोसारखी दिसत होती. इतके महिने मी रिअल, रिअल म्हणत जे शोधत होते ते काही टाकून नाही, काढून मिळालं होतं.

सरांना दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

"अरे, हा फोटोच वाटतोय." मग सरळ उभे राहिले. "पण क्लायंटला गुहा दाखवायची का? पुढच्याचं भुतंवालं दाखवू. ड्रेस काढून टाक, तिथे झाड ठेव. मागचा फ्लॅट मागितलाय कुणी?"

"बरं," मी म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणते.

शुक्रवारी आंटी आल्या. ग्लेन व्हिडिओ कॉलवर होता. भिंतीवरच्या टीव्हीवर पुढचा हॉल झळकला. ड्रेसच्या जागी कुंडीतलं झाड.

"बघ मम्मी, किती उजेड आहे!" ग्लेन म्हणाला. "रस्त्याकडचा, हवेशीर."

आंटी चष्मा पुसून टीव्हीजवळ गेल्या. बराच वेळ बघितलं.

"हा उजेड कुठून येतो?"

"खिडकीतून, आंटी," सर म्हणाले.

"खिडकी तर तिकडं आहे. या खुर्चीला पुढून उजेड आहे. पुढं काय आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे झूम कर असं. मी माउस धरला. शनिवारी त्या या चित्रावर विसंबून सही करणार होत्या.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "कॅमेऱ्यामागे मी दिवा ठेवलाय. तो घरात नसेल."

मी ते भूत बंद केलं. मग दुसरं, मग तिसरं. उत्तर फिरवली, समोरचा ठोकळा चालू केला. टीव्हीवरची खोली पायरीपायरीने विझत गेली.

"निनाद, स्क्रीन गेली का?" मस्कतहून आवाज आला.

"नाय गेली," आंटी म्हणाल्या. "आता आली. काल मी उभी होते ती हीच खोली."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्याचंही केलंय ना? लाव."

मी केळीचं लावलं आणि ड्रेसवर झूम केलं. लेस दिसत होती.

"मम्मी, तो हॉल केवढासा आहे बघ. उद्या विकायचा म्हटला तर—"

"मी विकायला नाय चाललेय, शिवायला चाललेय. तू ये कधी तरी सुट्टीला, तुला बसायला खुर्ची ठेवीन."

मग मी तिसरं लावलं, वाडीच्या जागी बिल्डिंग असलेलं. ते त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं.

"असं झालं तरी सुई दिसेल?"

"खिडकीच्या जवळ बसावं लागेल. पण दिसेल, असं वाटतं."

"वाटतं?"

"एवढंच सांगता येतं, आंटी."

त्यांनी मान हलवली. शनिवारी त्यांनी मागच्या फ्लॅटवर सही केली.

शुक्रवारी मात्र त्या गेल्यावर सरांनी आधी चहा मागवला. चहा आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी मला आधी सांग."

"सांगितलं होतं, सर."

"कधी?"

"रेंडर दाखवलं होतं."

"मृणाल, रेंडर दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे."

ते बरोबर होतं. मी अजून बरं म्हणते, पण त्याच्यापुढे एखादं वाक्य जोडते. भुतंही वापरते. फक्त त्यांची वेगळी लेयर ठेवते आणि ती सगळ्यात शेवटी चालू करते. क्लायंटला उजेडावरून काही ठरवायचं असेल तर चालूच करत नाही.

आंटी राहायला गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. वाडी अजून होती. मशीन खिडकीला काटकोनात, माझ्या रेंडरमध्ये होतं तिथेच. मी मनातल्या मनात माझं रेंडर आणि समोरची खोली जुळवत होते, एवढ्यात खिडकीवर वरून काहीतरी निळं-जांभळं सरकलं आणि खोलीचा अर्धा उजेड गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ग्रिलवर चादर वाळत घातली होती. ती थेट या खिडकीवर लोंबत होती.

"ही चादर तुझ्या कॉम्प्युटरात का नव्हती गं?" आंटी म्हणाल्या, आणि खिडकीतून मान बाहेर काढून वर ओरडल्या, "भाभी, आपलं काय ठरलंय? रंगीत तिकडं! इकडं फक्त पांढरी!"

चादर वर ओढली गेली. थोड्या वेळाने पांढरी आली. तिच्यातून गाळलेला उजेड मशीनवर इतका मऊ पडला की मी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.

तेव्हापासून वसईतल्या कुठल्याही फ्लॅटचं रेंडर करताना मी खिडकीबाहेर वरच्यांचे कपडे वाळत घालते. सर रोज काढायला सांगतात.